फी माफ झाली, आता पुढचा हिशेब

प्रवेश पक्का झाला, फी माफ झाली, म्हणजे खर्च मिटला असं समजून घरचे निश्चिंत होतात. मग दोन महिन्यांनी मुलाचा फोन येतो: "सगळे जाणार आहेत, मी नाही जात." इंडस्ट्रियल व्हिजिट असते, कधी स्पर्धा, कधी प्रोजेक्टची वर्गणी. फीच्या पावतीत हा खर्च कुठेच दिसत नाही. कॉलेज ठरवतानाच तो मांडायला हवा, म्हणून हा लेख.

परभणी जिल्ह्यातून पुण्यात इंजिनिअरिंगला आलेला अनुसूचित जातीचा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा भार शिष्यवृत्ती उचलते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर राहण्या-जेवण्याचाही प्रश्न सुटतो. नाही मिळाली तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी तिचे वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. इंजिनिअरिंग आणि वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी आणखी ५,०००.

आता याला दहा महिन्यांनी भागा. जेवणाला महिना ३,२००, खोलीला २,०००, बाकी सगळ्याला ८००. मेस ठरवताना हा ३,२०० चा आकडा मनात ठेवा आणि नुसता दर विचारून थांबू नका. खाडे धरतात का, धरत असतील तर सलग किती दिवसांचे? रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का? पुण्यात बऱ्याच ठिकाणी असते, म्हणजे महिन्यातली चार-पाच जेवणं बाहेर. खोलीचं गणित याहून अवघड. २,००० रुपयांत शहराच्या मध्यात कॉट बेसिसवरही जागा सहसा बसत नाही. लांब राहायला गेलं की उरलेल्या ८०० मधून बसचा पास काढावा लागतो. डिपॉझिट एकदम द्यावं लागतं, त्याची लेखी पावती घ्या. लाइटबिल भाड्यात आहे की वेगळं, हे आधीच विचारा.

खरी अडचण रकमेपेक्षा वेळेची आहे. खोली, मेस, ड्राफ्टर, अ‍ॅप्रन, जर्नल हे खर्च पहिल्याच महिन्यात अंगावर येतात. योजनेचे पैसे अर्जाची तपासणी, हजेरी, मंजुरी असे टप्पे ओलांडून बँकेत येतात आणि त्यात कित्येक महिने जातात. मधल्या काळात मुलगा खर्च कुठे कमी करतो? जेवण आणि भाडं टाळता येत नाही, म्हणून सगळ्यांबरोबर जाणं-येणं थांबवतो. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. मेसची वेळ टळते, शेवटची बस जाते, रिक्षाला पैसे लागतात. अंगात अभिनय असलेला मुलगा "मला नाटकात रस नाही" म्हणून मोकळा होतो. हे खोटं त्याला बोलावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडच्या मुलांना बोलायला, लोकांपुढे उभं राहायला जे शिकायचं असतं, त्यातलं निम्मं वर्गाबाहेरच शिकायला मिळतं.

म्हणून पहिल्या चार महिन्यांचा खर्च जमला तर आधीच बाजूला काढा आणि त्यात महिन्याला काही रक्कम 'सगळ्यांबरोबर जाण्याची' म्हणून वेगळी धरा. प्रवेश घेतानाच विभागात विचारा: या वर्षी सहली किती, प्रोजेक्टला साधारण किती लागतात, गरजू मुलांसाठी विद्यार्थी कल्याण निधी आहे का? विचारण्यात कमीपणा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर शासनाच्या निधीतून होतं. पैशाअभावी ते कुणी सोडू नये.

कमवा आणि शिका योजनेची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने चालते. काम कॉलेजातच, तासांच्या मधल्या वेळात असतं. मोबदला मोठा नसतो, पण रात्रपाळीच्या नोकरीपेक्षा मी हेच सुचवेन, कारण संध्याकाळ मोकळी राहते. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून पुण्यात ग्रामीण भागातल्या मुलामुलींची अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय करते. तिथला अर्ज वेळेत भरा.

इतरांसाठीही वाटा आहेत. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता पाहावा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि मेस मात्र त्यात नाही, आणि "मुलींना सगळं फुकट" या समजुतीने बरेच पालक इथेच फसतात.

उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर निकालाआधीच काढून ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते शाखेत जाऊन तपासा. मंजूर झालेली रक्कम अडते ती बऱ्याचदा याच एका कारणाने.

कॉलेज बदलायची वेळ आली तर यूजीसीचा २०१८ चा नियम लक्षात ठेवा. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी किंवा त्याहून लवकर प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रियेपोटी फीच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. तारीख उलटून तीस दिवस झाले की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा हक्क कॉलेजला नाही.