नक्षी लिहून ठेवा

डोक्यातली नक्षी आपल्याबरोबर जाते. कागदावर उतरवली, तर लेकीसुनांना मिळते.

आपल्या पैठणचे विणकर पैठणीच्या पदरावर मोर विणतात, कमळ विणतात. धागे मोजून विणतात. मोजणी चुकली की मोर बिघडला! लोकरीचेही तसेच. तिथे टाके मोजायचे.

चला, लहान मुलाचा गळपट्टा विणू या. सुईवर २० टाके घाला. सगळ्या ओळी सुलट विणा. १० ओळी लाल, मग १० ओळी पांढऱ्या. गळ्याला पुरेल इतके विणा. शेवटी टाके बंद करा.

नवी नक्षी सुचली? चौकटीच्या वहीत काढा. एक चौकट म्हणजे एक टाका. खाली आपले नाव लिहा. मग शेजारणीला द्या. तिचीही मागून घ्या. दिल्याने नक्षी कमी होत नाही.