नातेवाइकांच्या प्रश्नांपासून सुरुवात : संकेतस्थळाच्या पुनर्रचनेचा एक अभ्यास

रुग्णालयाचे संकेतस्थळ म्हणजे संस्थेची ओळख करून देणारी पुस्तिका, अशी आमची अनेक वर्षांची समजूत होती. दर्शनी पानावर इमारतीचे छायाचित्र, संस्थापकांचे मनोगत आणि विभागांची यादी होती. यात काही उणे आहे, असे आम्हांस वाटत नसे. एका प्रसंगाने ही समजूत दूर झाली.

बाहेरगावाहून आलेल्या एका वृद्ध रुग्णाच्या मुलीने वडिलांच्या उपचारांचा खर्च भागवण्यासाठी दागिने गहाण ठेवले. चौथ्या दिवशी वैद्यकीय समाजसेविकेशी गाठ पडली, तेव्हा हे कुटुंब निर्धन रुग्ण योजनेस पात्र असल्याचे लक्षात आले. "रात्रभर मोबाइलवर तुमचंच पान चाळत होते," असे त्या म्हणाल्या. योजनेची माहिती तेथे होती. परंतु ती 'संस्थेविषयी' या सदरातील 'धोरणे' या पानाच्या तळाशी, स्कॅन केलेल्या कागदात होती. भरलेली रक्कम त्यांना परत करण्यात आली. दागिने सुटेपर्यंतचे व्याज मात्र त्या कुटुंबालाच सोसावे लागले.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. तातडीच्या रुग्णास दाखल करून घेताना अनामत रक्कम मागता येत नाही. हा रुग्णांचा हक्क आहे. तो त्यांना वेळेवर कळावा, ही जबाबदारी आमची होती.

पुनर्रचनेचा आरंभ आम्ही संगणकाऐवजी चौकशी खिडकीपासून केला. तेथे वारंवार विचारले जाणारे प्रश्न एकेका कार्डावर लिहिले आणि त्यांचे गट करण्याची विनंती प्रथम कर्मचाऱ्यांना व नंतर नातेवाइकांना केली. कर्मचाऱ्यांनी कार्डे विभागवार लावली. नातेवाइकांनी ती दिवसांच्या क्रमाने लावली : येण्यापूर्वी, दाखल होताना, रुग्ण आत असताना आणि घरी जाताना. संकेतस्थळाचे चार मुख्य दुवे आता हेच आहेत. खर्च व सवलतींचा पाचवा दुवा प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठेवला आहे. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका इत्यादी कागदपत्रांची यादी आणि समाजसेविकेच्या कक्षाची वेळ तेथे पहिल्याच परिच्छेदात मिळते.

नवा आराखडा आम्ही पाच-पाच जणांच्या हाती देऊन पाहिला. प्रत्येक वेळी पाच व्यक्तींकडून चाचणी करून घेतली तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात, असे जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले होते. आमचा अनुभव तसाच आहे. 'आयसीयूत भेटायची वेळ शोधा', असे सांगितल्यावर काही जण 'अतिदक्षता विभाग' या शब्दापाशी थबकले. 'बाह्यरुग्ण विभाग' या शब्दाचीही तीच गत झाली. आता तेथे 'आयसीयू' आणि 'ओपीडी' असेच लिहिले आहे.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये असल्याने तो कोणत्याही मोबाइलवर वाचता येतो व शोधल्यास सापडतो. अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचा फरक आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार किमान ४.५ : १ ठेवला आहे. अंधूक दिसणाऱ्या वृद्धांना त्याचा उपयोग होतो. मोठी छायाचित्रे काढल्याने अशक्त नेटवर्कवरही पाने लवकर उघडतात.

काम पूर्ण झाले, असे आम्ही म्हणणार नाही. जुनी झालेली वेळ किंवा बदललेला दर रुग्णाच्या घरच्यांना हेलपाटा घालावयास लावतो. म्हणून प्रत्येक पानावर अखेरच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार विभागाचे नाव दिले आहे. ज्यांच्या हाती मोबाइल नाही, त्यांच्यासाठी हीच माहिती छापील स्वरूपात चौकशी खिडकीवर ठेवली आहे.

देणगीदार व विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे. आपण एकदा रुग्णाचे नातेवाईक होऊन हे संकेतस्थळ उघडावे आणि जेथे अडखळाल, ती जागा आम्हांस कळवावी. आपल्या देणगीतून होणाऱ्या उपचारांची वाट गरजू कुटुंबाला वेळेत सापडली, तरच त्या दानाचे सार्थक होईल.