‘कोडगा’ : एक शब्द आणि त्याचा वापर

शब्दाचा अर्थ सांगणे सोपे. त्याची नेमकी जागा दाखविणे अवघड. बोलण्याचा, रागावण्याचा वा शिक्षेचा ज्याच्यावर परिणाम होत नाही आणि ज्याला लाजही वाटत नाही, तो कोडगा. हट्टी, चिवट, खमक्या हे शब्द त्याच्या शेजारचे खरे. परंतु समानार्थी नव्हेत.

हट्टी मूल हवी ती वस्तू सोडीत नाही. पण त्याला रडू येते, रागही येतो. म्हणजे त्याचे मन जागे असते. चिवट माणूस संकटात टिकून राहतो. पावसाने दगा दिल्यावर दुबार पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यास चिवट म्हणणे हा त्याचा गौरव होय. खमक्या माणूस कोणाच्या भिडेस बळी न पडता काम तडीस नेतो. कोडग्याला मात्र काहीच लागत नाही. उसने बुडवून वर मिरविणाऱ्याला हा शब्द शोभतो.

व्याकरणदृष्ट्या हे विकारी विशेषण आहे : कोडगा मुलगा, कोडगी मुलगी, कोडगे मूल. ‘हट्टी’ व ‘चिवट’ लिंगानुसार बदलत नाहीत. भाववाचक नाम ‘कोडगेपणा’.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल जन्मतः हट्टी असल्याचे लोक म्हणतात. जन्मतः कोडगे असल्याचे सहसा कोणी म्हणत नाही. ‘मार खाऊन खाऊन कोडगा झाला’ असेच म्हणतात. कुदळ चालविणाऱ्या हातांना घट्टे पडतात, तसे रोजच्या टोचून बोलण्याने मनालाही पडतात. कारण कोणते, हे भाषेनेच सांगून ठेविले आहे.

म्हणून विद्यार्थ्याविषयी हा शब्द योजताना शिक्षकाने थांबावे. फळ्यापाशी गप्प उभ्या राहिलेल्या मुलास कदाचित प्रश्न कळला नसेल, कमी ऐकू येत असेल, किंवा त्याच्या घरची बोली निराळी असेल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस व मानसिक त्रासास मनाई आहे. शेरा लिहावयाचाच तर जे दिसले तेवढेच लिहावे : ‘विचारले असता उत्तर देत नाही.’ अशा शेऱ्यातून पुढचा उपाय सुचतो. ‘कोडगा’ लिहिले की शोध तेथेच थांबतो.

वर्गपाठ : योग्य शब्द योजा (हट्टी, चिवट, खमक्या, कोडगा).
१. खेळणे मिळेपर्यंत ते —— मूल जागचे हलले नाही.
२. —— सरपंचाने वशिला न मानता पाणी समान वाटले.
३. चारचौघांत चोरी उघडी पडली तरी तो —— हसतच राहिला.
४. तीन वेळा नापास होऊनही त्या —— मुलीने अभ्यास सोडला नाही.

प्रत्येक उत्तराचे कारण मुलांकडून वदवून घ्यावे.