राज्यघटनेचा कर्ता कोण?

या पाठात आपण राज्यघटनेला अधिकार कोठून प्राप्त होतो, हे समजून घेणार आहोत.

पोलिसाला अधिकार कायद्यातून मिळतो, कायदा संसद करते आणि संसदेला अधिकार राज्यघटना देते. मग राज्यघटनेला तो कोणी दिला?

स्वातंत्र्याचा १९४७ चा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला होता. म्हणून आपली घटनाही त्याच पार्लमेंटची देणगी होय, असे कोणी म्हणू शकेल. घटनाकारांनी मात्र हा तर्क मान्य केला नाही. सर्व सत्तेचा उगम जनता आहे, हे संविधान सभेने २२ जानेवारी १९४७ च्या ठरावातच नमूद केले होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली, ती लंडनच्या संमतीची वाट न पाहता. शिवाय कलम ३९५ ने तो ब्रिटिश कायदाच रद्द केला. उद्देशिकेतील वाक्याचा कर्ता ‘आम्ही, भारताचे लोक’ हा आहे. घटना देणारेही लोक आणि घेणारेही लोकच!

येथे एक रास्त शंका उद्भवते. संविधान सभेत प्रांतांचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडून दिले होते. त्या विधिमंडळांसाठी मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी सीमित होता. बहुसंख्य प्रौढ त्याबाहेर होते. मग ‘आम्ही’ म्हणजे कोण? या शंकेचे उत्तर कलम ३२६ मध्ये सापडते. या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. त्याला ना संपत्तीची अट, ना शिक्षणाची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून उमेदवार चिन्हांवरून ओळखले गेले. लोकांच्या नावाने लिहिलेली घटना अशा रीतीने लोकांच्या हाती आली. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ झाले आणि ‘आम्ही’ची व्याप्ती आणखी वाढली.

तथापि सभागृहातील बहुमत म्हणजे जनता नव्हे. संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, परंतु तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात दिला. प्रतिनिधी हे विश्वस्त असतात. धनी जनताच असते.

शब्दार्थ
उगम – आरंभस्थान. सीमित – मर्यादित. विश्वस्त – दुसऱ्याची ठेव सांभाळणारा

स्वाध्याय
१. कलम ३९५ ने काय साधले?
२. मताधिकाराला शिक्षणाची अट असती, तर तुमच्या घरातील कोण मतदानापासून वंचित राहिले असते? पाच वाक्यांत लिहा.