पीएचच्या मागे लागू नकोस

अंबाजोगाई,
12 मे

चि. बाळास,


तुझ्या प्रवाळांच्या टाकीच्या वहीतल्या पानांचे फोटो मिळाले. रविवारी केएच (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) 7, सोमवारी 8, बुधवारी जवळजवळ 11. शेजारच्या रकान्यात पीएच मात्र रोज रात्री 7.8, आणि त्याभोवती तू लाल शाईने गोल केलेला. मशरूम प्रवाळ मिटले आहेत, लेदर प्रवाळाने अंगावर पातळ पापुद्रा धरला आहे, आणि तू विचारतोस, आता कोणती पावडर घालू? एकही नको. तो डबा कपाटावर ठेव आणि आधी खोलीची खिडकी उघड.

मे महिन्यात बीडला काय होतं ते मी जाणतो. झळा लागू नयेत म्हणून दारं-खिडक्या बंद, एसी चालू, आणि ताई, दाजी, तू, सगळे रात्रभर त्याच खोलीत. श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथेच कोंडतो, पाण्यात विरघळतो, त्याचं आम्ल होतं आणि पीएच खाली येतो. रात्री दिवे बंद झाले की शेवाळं कार्बन डायऑक्साइड वापरायचं थांबतं, म्हणून पहाटे पीएच सगळ्यात खाली असतो. खात्री करायची असेल तर टाकीचं पाणी तांब्याभर घे (तांब्या स्टीलचा, तांब्याचं भांडं टाकीजवळ आणूसुद्धा नको, प्रवाळांना तांबं विष आहे). ते गच्चीवर ने, त्यात एअर पंपाचा दगड तासभर बुडबुडत ठेव आणि मग पीएच मोज. तो 8.1-8.2 वर चढलेला दिसला, तर पाण्यात काही कमी नाही. दोष कोंडलेल्या हवेचा आहे.

तू मात्र पीएच चढवायला बफरची पावडर घालत गेलास. बफर घातला की पीएच दोन-चार तास वर जातो, आणि खोलीत कार्बन डायऑक्साइड तेवढाच असल्यामुळे पुन्हा खाली येतो. चढलेला केएच मात्र तसाच राहतो. 200 लिटर पाण्याचा केएच 1 ने वाढवायला खाण्याचा सोडा सुमारे 6 ग्रॅम लागतो, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. इतक्या थोड्या पुडीने पाणी हलतं, आणि तू तीन दिवसांत 4 अंशांनी हलवलंस. केएच 7 असता तरी ते मशरूम फुलले असते. 9 असता, तरी फुलले असते. 7 वरून 11 वर तीन दिवसांत जाणं त्यांना सोसत नाही. दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त बदल करायचा नाही, चढवतानाही आणि उतरवतानाही. म्हणून आता आम्ल घालून तो खाली आणायच्या फंदात पडू नकोस. दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदल, नवं पाणी 8 केएचचं असू दे, तो आपोआप खाली येईल.

समुद्राच्या पाण्याचे आकडे पाठ असू देत: क्षारता हजारी 35, केएच 7 च्या आसपास, कॅल्शियम लिटरला 410 ते 420 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1300 च्या जवळ. पण रोज मोजायचा तो केएच. कारण सांगतो. प्रवाळ आणि गुलाबी चुनखडी शेवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. त्यात केएच 2.8 ने उतरला की कॅल्शियम जेमतेम 20 ने उतरतं. 420 चं 400 झालं तर तुझ्या किटला धड कळणारही नाही; 8 चा 5 झालेला लगेच दिसतो. मोजायची वेळ रोज एकच ठेव, संध्याकाळी सात म्हटलं की सातच. सिरिंजमध्ये द्रव ओढताना टोकाशी हवेचा बुडबुडा राहतो. वाचन दट्ट्याच्या कडेवर कर, बुडबुड्यावर नाही. शेवटी एकेक थेंब सोडून बाटली हलव, आणि रंग पालटून तसाच टिकला तो थेंब धर. घाईत दोन थेंब जास्त पडले की आकडा चुकतो, आणि चुकलेल्या आकड्यावर औषध घातलं जातं.

आता बाष्पीभवन. उन्हाळ्यात तुझ्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडत असेल. उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. पाच दिवस दुर्लक्ष झालं आणि 200 चे 180 लिटर उरले, तर 35 ची क्षारता जवळजवळ 39 होते. आपल्या लोणारच्या सरोवराचं हेच आहे: पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, ऊन तेवढं शोषून घेतं आणि क्षार साठत राहतात. 2020 च्या जूनमध्ये पाणी आटून क्षारता वाढली आणि सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तेव्हा खारं पाणी मानवणारे सूक्ष्मजीव सापडले. म्हणून सकाळ-संध्याकाळ टाकीवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी भर. मिठाचं नाही.

ते गोडं पाणी बोअरचं चालणार नाही. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं, शेतीच्या भागात त्यात नायट्रेटही असतं, आणि टँकरचं तर कुठून भरलं हेच कळत नाही. स्वयंपाकघरातला आरओही नको. चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते. वेगळा साधा आरओ घे, पुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लाव, आणि मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दिसलं तरच पाणी टाकीत जाऊ दे. रेझिन संपलं की शून्याचं दोन-चार होतं, तेव्हाच बदल. याची दुसरी बाजूही सांगतो. एका लिटरमागे सुमारे तीन लिटर पाणी आरओ टाकून देतो. तुला आठवड्याला 40 लिटर लागेल, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास वाया. 2015 साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, त्या जिल्ह्यात आपण राहतो. ते पाणी पिंपात धर. फरशी, भांडी, संडास, सगळं त्यात भागतं. कुंड्यांना घालू नकोस, त्यात क्षार जास्त उतरलेले असतात. हे जमणार नसेल तर टाकी लहान कर. यात मी तडजोड करणार नाही.

उकाड्यावर चिलर विकत घ्यायची घाई नको. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर तिरका पंखा लावला की दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत तो इतका चालत नाही. त्याच खोलीत कूलर लावलास तर मात्र हवा ओलसर होऊन पंख्याचा गुण जाईल. पंख्याने पाणी जास्त उडतं, तेवढं भरत राहायचं. आणि इन्व्हर्टरवर दिवे नको, लाटांचा पंप जोड. लाईट गेली की आधी ऑक्सिजन संपतो.

चुन्याच्या निवळीचंही विचारलं होतंस. उपाय उत्तम आहे. कॅल्शियम आणि केएच दोन्ही जोडीने मिळतात, आणि ती कार्बन डायऑक्साइड खाते म्हणून पीएचही सावरतो. पण पानाचा चुना नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवं; लिटरला दीड ग्रॅम, ढवळून झाकून ठेवायचं, साका खाली बसला की वरची निवळी रात्रभर थेंबाथेंबाने सोडायची. तिचा पीएच 12 च्या वर असतो, एकदम ओतलीस तर टाकीत पांढरा गाळ बसेल. तुझ्या टाकीत मऊ प्रवाळच असल्याने सध्या ती लागणारही नाही, पाणी बदलणं पुरे.

आणि ते मऊच राहू देत. ॲक्रोपोरासारखे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, 2001 पासून. कोणी मित्र मालवणहून पिशवीत तुकडा आणून देतो म्हणाला तरी घेऊ नकोस. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या त्या समुद्राला 1987 मध्ये अभयारण्य केलं आहे. पावसाळ्यातला गढूळपणा आणि गोडं पाणी सोसून ते प्रवाळ तिथे तग धरून आहेत, ते तिथेच राहिले पाहिजेत. दुकानातून घेशील त्याचंही पक्कं बिल आणि आयातीची कागदपत्रं मागून घे.

आज रात्री झोपताना खिडकी बोटभर उघडी ठेव. ताई रागावली तर माझं नाव सांग. उद्यापासून सात दिवस संध्याकाळी सातला केएच आणि क्षारता एवढंच लिही, पीएचचा रकाना कोरा सोड. पुढच्या रविवारी पान पाठव. दाजींना नमस्कार, ताईला आशीर्वाद.

तुझा,
मामा