माऊस बाईंच्याच हातात राहू द्या



प्रत्येक केंद्रात एखादा ‘तंत्रस्नेही’ शिक्षक असतो. प्रोजेक्टर सुरू होत नसला की फोन त्यालाच येतो. स्वतःचा वर्ग सांभाळून मी गेली काही वर्षे हे काम करतोय. सहकाऱ्यांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला मदत करताना माझी एक मोठी चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला ती टाळता येईल.

चूक कुठे झाली?

सुरुवातीला मी शिक्षण परिषदेत दीड तासात सहा-सात ॲप दाखवायचो. सगळे वहीत नावं उतरवून घ्यायचे, टाळ्याही व्हायच्या. महिन्याभराने शाळेत गेलं की लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर कापड टाकलेलं दिसायचं.

अशाच एका शाळेत सातवीला शिकवणाऱ्या बाई होत्या. सेवा जवळजवळ तीस वर्षांची. त्या गोष्ट सांगू लागल्या की वर्गात चिडीचूप. त्या दिवशी मी मागे बसलो होतो आणि बाई लॅपटॉपवर फाईल शोधत होत्या. वेळ लागत होता, मुलं चुळबुळ करू लागली. मला राहवलं नाही. “द्या बाई, मी लावतो,” म्हणत मी त्यांच्या हातातून माऊस घेतला. पाच सेकंदांत व्हिडिओ सुरू झाला. मागून एक मुलगा म्हणाला, “बाईंना येतच नाही.” वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. पण पुढे दोन महिने त्यांनी टीव्हीला हात लावला नाही.

मी मनात म्हटलं, जुनी माणसं, त्यांना नवीन नको असतं. हे साफ चुकीचं होतं. बाईंना तंत्रज्ञानाची भीती नव्हती, मुलांसमोर अडखळण्याची होती. फळ्यावर गणित सोडवायला उभ्या केलेल्या मुलाला जे वाटतं, तेच. त्या मुलाच्या हातातून खडू काढून घेऊ नये, हे आपल्याला चांगलं कळतं. मोठ्यांना शिकवताना मात्र आपण ते विसरतो.

दुसऱ्यांदा काय बदललं?

पुढच्या वेळी मी लॅपटॉप उघडलाच नाही. आधी बाईंची माफी मागितली. मग विचारलं, “बाई, कोणता पाठ शिकवताना अडतं?”

त्या लगेच म्हणाल्या, “भरती-ओहोटी. आपल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. पाणी चढतं म्हटलं की त्यांना नदीचा पूरच आठवतो.”

आता तंत्रज्ञानाला काम मिळालं. शाळा सुटल्यावर आम्ही बसलो. माऊस बाईंच्या हातात, मी हाताची घडी घालून शेजारी. मराठीत टाइप करणं जड जात होतं, म्हणून बोलून शोधायला फक्त दाखवलं. पाऊण तासाने एकाच धक्क्याचे दोन फोटो त्यांना सापडले. एकात होड्या पाण्यावर तरंगताहेत, दुसऱ्यात त्याच होड्या चिखलात टेकल्यात. ते पेन ड्राइव्हवर कसे घ्यायचे, हे त्यांनी तीनदा करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात फोटो चटकन सापडेना. बाईंनी त्याच मुलाला हाक मारली, “ये रे, मला दिसत नाहीये, तू बघ.” कुणी हसलं नाही. फोटो दाखवून त्यांनी विचारलं, “पाऊस नाही, धरण नाही. मग पाणी गेलं कुठे?” एका मुलीने उलट विचारलं, “पूर ओसरला की संपतो. हे पाणी परत येतं का?”

इथून पुढचा पाठ बाईंचा होता. भरतीनंतर साधारण ६ तास १२ मिनिटांनी ओहोटी, हे फळ्यावर आलं. सकाळी ६ वाजता भरती असेल तर ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या आसपास, पुन्हा भरती संध्याकाळी ६:२५ च्या सुमारास, हे मुलांनीच काढलं. उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा का येते, यावरून गाडी चंद्राकडे वळली. तेवढ्यात वीज गेली. बाई थांबल्या नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला येणारी उधाणाची भरती त्यांनी फळ्यावर आकृती काढूनच समजावली.

टीव्ही जेमतेम दहा मिनिटं चालला असेल, पण मुलांच्या डोक्यातला पूर आणि भरती वेगळे झाले.

अभ्यासक काय सांगतात?

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच मांडलं होतं की प्रशिक्षणात ऐकलेलं-पाहिलेलं वर्गात उतरायचं असेल तर सराव, अभिप्राय आणि वर्गात सोबत लागते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान या तिन्हींचं ज्ञान एकत्र यावं लागतं, असं सांगितलं. बाईंकडे पहिली दोन भरपूर होती. मी मात्र तिसऱ्यावरच अडून बसलो होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा आहे. त्यातले काही तास असे सहकाऱ्याशेजारी बसण्यात गेले, तर ते वर्गात दिसतील.

सहकाऱ्याला शिकवताना

१. ॲपपासून सुरुवात करू नका. अडलेला पाठ विचारा.

२. एका वेळी एकच साधन, एकाच तासिकेसाठी. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करणं एवढंही पुरे.

३. पहिला सराव मुलं नसताना. वेळ लागला तरी माऊस आणि मोबाईल शिकणाऱ्याच्याच हातात.

४. फाईल आधीच उतरवून ठेवा. नेट किंवा वीज गेली तर पाठ कसा पुढे न्यायचा, तेही ठरवा.

५. व्हिडिओ कुठे थांबवायचा आणि तिथे काय विचारायचं, हे लिहून ठेवा. प्रश्नाशिवाय लावलेला व्हिडिओ मुलं सिनेमासारखा बघतात.

६. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. “वापरता का?” असं विचारू नका. “मुलांना काय समजलं?” असं विचारा.

त्या बाई आजही सहा ॲप वापरत नाहीत. पण टीव्हीवरचं कापड निघालंय, आणि शेजारच्या वर्गातल्या नव्या सरांना पेन ड्राइव्ह लावायला त्याच शिकवतात. मी एकदा दारातून पाहिलं. माऊस सरांच्या हातात होता आणि बाई हाताची घडी घालून शेजारी बसल्या होत्या.

तुमच्या शाळेत कापडाखाली झाकलेला एखादा टीव्ही असेलच. या आठवड्यात तिथल्या सहकाऱ्याला एवढंच विचारून बघा, कोणता पाठ अडतोय?