तळ दिसतो, म्हणून उतरू नका

माल्टा, गोझो आणि कोमिनो या भूमध्य समुद्रातल्या बेटांवर डायव्हिंगला निघालेल्या प्रत्येकाला माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं. जागा तिच्या नावावरून किंवा फोटोवरून निवडू नका. तिची खोली, बाहेर पडायची वाट आणि त्या दिवशीचा वारा या तीन गोष्टींवरून निवडा. हे वेगळं सांगावं लागतं, कारण तिथलं पाणीच माणसाची फसगत करतं. या चुनखडीच्या बेटांवर बारमाही नदी नाही, त्यामुळे गाळ येत नाही. समुद्रात पोषकद्रव्यं कमी, म्हणून प्लवकही कमी. बऱ्याचदा तीस मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. गढूळ पाण्यात माणूस आपोआप सावध होतो. नितळ पाण्यात तळ हाताशी आल्यासारखा वाटतो आणि आपण किती खाली आलो आहोत, याचं भान सुटतं.

‘उम अल फारूद’चंच उदाहरण घ्या. 1995 साली माल्टाच्या गोदीत या तेलवाहू जहाजावर स्फोट होऊन नऊ कामगार मृत्युमुखी पडले. 1998 मध्ये ते वीद इझ-झुर्रीजवळ मुद्दाम बुडवण्यात आलं. शंभर मीटरहून लांब असलेलं हे जहाज सुमारे 36 मीटरवर वाळूत टेकलेलं आहे. आता हिशोब करा. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर हवा चौपट लागते. वर मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्याला तिथे 80 लिटर लागतील. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने 2,400 लिटर हवा मावते. त्यातली 50 बार राखीव ठेवली, तर उरलेली 22 मिनिटंच पुरते, आणि किनाऱ्यापासून जहाजापर्यंत जाणं-येणं याच हवेत बसवायचं असतं. डिकम्प्रेशनचा थांबा न घेता तिथे राहण्याची मुदतही वीस मिनिटांच्या आसपासच असते. त्यात या खोलीवर नायट्रोजनची गुंगी येऊ लागते. ज्या डोक्याने हा हिशोब ठेवायचा, तेच मंद होतं.

यावर कोणी म्हणेल, प्रमाणपत्र आहे, सोबत गाइड आहे, मग भीती कसली? प्रमाणपत्र कशाचं, हे आधी पाहा. तारकर्ली-मालवणला प्रशिक्षकाच्या हाताला धरून केलेली डुबकी आनंदाची असते, पण ते प्रशिक्षण नव्हे. पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतचं असतं, पुढचं 30 मीटरपर्यंतचं. त्या मर्यादेत ‘उम अल फारूद’चा वरचा भाग पाहता येतो, वाळूपर्यंत उतरता येत नाही. जहाजाच्या आत शिरायला तर वेगळं प्रशिक्षण लागतं, कारण तिथून सरळ वर येता येत नाही. राहिला गाइड. तो वाट दाखवतो, वेळेवर परत फिरवतो, पण तुमच्या छातीतला श्वास तो घेऊ शकत नाही. शेवटची डायव्ह कधी केली, किती खोल केली, हे त्याला खरं सांगितलं, तरच त्याच्या अनुभवाचा उपयोग होतो.

दुसरा आक्षेप असा, की इथल्या पुष्कळ डायव्ह किनाऱ्यावरूनच होतात, होडीची धास्ती नाही. पण किनारा म्हणजे वाळूची पुळण नव्हे, धारदार खडक. गोझोच्या पश्चिमेला द्वेरा इथे ‘ब्लू होल’ आहे. तिथली ‘अझुर विंडो’ ही कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली, एवढं सांगितलं तरी तिथल्या लाटांचा जोर कळावा. ‘ब्लू होल’चा तळ पंधरा-सोळा मीटरवर आहे, पण खालच्या कमानीतून बाहेर पडलं की कडा पन्नास मीटरच्याही खाली जातो. मय्यिस्त्राल म्हणजे वायव्येचा वारा सुटला, की उतरताना सोपा वाटलेला खडक परतताना चढवत नाही. शेजारच्या ‘इनलँड सी’च्या सुमारे ऐंशी मीटर लांब बोगद्यातून पर्यटकांच्या होड्या ये-जा करतात, म्हणून तिथे मध्येच वर येणं धोक्याचं. अशा दिवशी दक्षिणेकडची आडोशाची जागा शोधावी, किंवा वॅलेटाच्या बंदरातली, 1942 मध्ये बुडालेली ‘माओरी’ ही युद्धनौका पाहावी. ती चौदा-पंधरा मीटरवरच आहे आणि नवख्यालाही मनसोक्त वेळ देते.

इतका खर्च करून गेल्यावर प्रसिद्ध जागा सोडायची कशी, हा प्रश्न मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याचं उत्तर नियोजनात आहे. पहिली डायव्ह उथळ ठेवा आणि त्या पाण्यात आपल्याला हवा किती लागते ते मोजा. खोल जागा मधल्या दिवसांत घ्या, म्हणजे वारा फिरला तरी एखादा दिवस हाताशी राहतो. हिवाळ्याच्या अखेरीस पाणी पंधरा अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा जाड सूट घ्या; थंडीने हवा लवकर संपते. एकाहून अधिक डायव्ह केल्या असतील, तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्या. शेंगेन व्हिसासाठी काढलेला विमा डायव्हिंगला लागू होतोच असं नाही. पॉलिसीत किती मीटरपर्यंतचं संरक्षण आहे, ते निघण्यापूर्वी वाचा. आणि काठावर उभं असताना मन कच खात असेल, तर ‘आज नको’ असं स्पष्ट सांगा. चांगला गाइड त्यावर वाद घालत नाही. जो घालतो, त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशीही उतरू नका.